गावच्या घरी हवालदार वॉरंट घेऊन आला होता. ते खरं आहे का कसं शोधायचं, आणि रद्द कसं करून घ्यायचं?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं. तुम्ही पुण्यात नोकरीला, घर साताऱ्याकडच्या गावी. पतसंस्थेला दिलेला एक चेक वटला नव्हता. नंतर तुम्ही थकलेले हप्ते भरले आणि विषय संपला असं धरून चाललात. परवा हवालदार आईंना सांगून गेला, "पोराच्या नावानं एनबीडब्ल्यू निघालंय, कोर्टात हजर व्हायला सांगा." एनबीडब्ल्यू म्हणजे अजामीनपात्र वॉरंट. कागद घरात कुणी पाहिला नाही. मित्र म्हणतोय, आधी अटकपूर्व जामीन घे.

मी वकील नाही. पण २०१८ साली याच वाटेने जाऊन आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिलोय. तेव्हा जे कळलं ते सांगतो.

आधी मित्राचं. चेक न वटण्याचा गुन्हा, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८, हा जामीनपात्र आहे. अटकपूर्व जामीन अजामीनपात्र गुन्ह्यात मिळतो, इथे त्याचा उपयोग नाही. घोळ होतो तो नावामुळे. गुन्हा अजामीनपात्र असणं वेगळं आणि वॉरंट अजामीनपात्र असणं वेगळं. साध्या, म्हणजे जामीनपात्र वॉरंटवर रक्कम लिहिलेली असते. पोलीस ठाण्यातच तेवढ्याचा जामीन देऊन सुटता येतं. एनबीडब्ल्यूमध्ये पोलिसांना सोडायचा अधिकार नसतो, तुम्हाला न्यायाधीशांपुढे उभं करावंच लागतं. जामीन द्यायचा की नाही हे तिथे ठरतं. मला हे माहीत नव्हतं, म्हणून दोन रात्री झोप नव्हती.

आता शोधायचं कसं. सगळ्यात सोपी जागा म्हणजे तो हवालदारच. ठाण्यात समन्स-वॉरंटचं काम बघणारा अंमलदार असतो. वॉरंटच्या कागदावर कोर्टाचं नाव, खटल्याचा नंबर, कलम, पुढची तारीख, न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा शिक्का असतो. बजावणारा पोलीस आला तर कागद दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. पण तुम्ही स्वतः ठाण्यात जाऊन "दाखवा" म्हणालात, तर तो तिथेच बजावेल, त्याचं ते कामच आहे. भावाला किंवा गावातल्या एखाद्या वकिलाला पाठवून नंबर तेवढा आणवा.

दुसरी वाट ई-कोर्ट्सची, म्हणजे कोर्टांच्या खटल्यांची ऑनलाइन नोंद. ॲप आहे, संकेतस्थळही आहे. जिल्हा न्यायालयं, महाराष्ट्र, जिल्हा, कोर्ट संकुल आणि मग पक्षकाराचं नाव, अशा पायऱ्या. इथे लोक दोन ठिकाणी अडकतात. पहिलं, वर्ष टाकायचं ते खटला दाखल झाल्याचं. वॉरंट निघाल्याचं नाही. दुसरं, नावाचं इंग्रजी स्पेलिंग. माझ्या आडनावात तिथे एक 'ए' जास्त होता, म्हणून पहिले तीन दिवस मी "आपल्यावर काही केस नाही" या आनंदात होतो. सगळी स्पेलिंगं करून बघा, नुसत्या आडनावानेही बघा, संस्थेच्या नावानेही बघा.

आणि जिल्हा चुकवू नका. २०१५ च्या दुरुस्तीनंतर चेकचा खटला साधारणपणे चेक घेणाऱ्याचं खातं ज्या बँक शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालतो. तुमचं गाव साताऱ्याकडे असलं, तरी संस्थेचं खातं पुण्याच्या शाखेत असेल तर खटला पुण्यात सापडेल. सापडला की सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर, म्हणजे त्या खटल्याचा स्वतःचा ओळख नंबर, लिहून ठेवा, पुढे सगळं त्यावरच निघतं. 'एनबीडब्ल्यू अनरेडी' असा टप्पा दिसला तर वॉरंट निघालंय, बजावून परत आलेलं नाही. मागच्या तारखांवर दाबलं की त्या दिवशी काय झालं ते एका ओळीत दिसतं. तिथे समन्स कधी निघालं, साधं वॉरंट कधी निघालं हेही बघा. २००७ साली इंदर मोहन गोस्वामींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की खाजगी तक्रारीत (चेकचा खटला तसाच असतो) आधी समन्स, ते टाळलं तर जामीनपात्र वॉरंट आणि मग अजामीनपात्र. तुमच्यापर्यंत यातलं काहीच पोचलं नसेल तर अर्जात ते ठळक मांडता येतं.

एक मधलंच. व्हॉट्सॲपवर शिक्क्याचा फोटो पाठवून "वॉरंट आहे, एवढे पैसे भरा, फोन ठेवू नका" म्हणणारा असेल तर तो चोर आहे. 'डिजिटल अटक' असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. तुमच्याकडे माणूस घरी येऊन गेलाय, त्यामुळे तुमचं प्रकरण बहुधा खरं आहे.

खरं निघालं तर थांबू नका. वॉरंटला मुदत नसते. ज्या कोर्टाने काढलं ते कोर्ट रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत ते जिवंत राहतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ७० होतं, तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ७२ आहे. गावात एखादा भला माणूस "पाच हजार द्या, मिटवून टाकतो" म्हणेल. त्या पैशात फार तर वॉरंट 'मिळून आला नाही' असा शेरा मारून परत जाईल आणि कोर्ट नवीन काढेल. असं दोनतीनदा झालं की फरारीचा जाहीरनामा, जप्ती, आणि जाहीरनाम्यानंतरही हजर झाला नाहीत तर तो स्वतंत्र गुन्हा. मूळ १३८ ला जास्तीत जास्त दोन वर्षं, या नव्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत.

कोर्टात आपणहून गेलेला माणूस आणि पोलिसांनी आणलेला माणूस यांत फार फरक पडतो. मी गेलो तो सोमवार होता. शुक्रवारी संध्याकाळी उचललं तर शनिवार-रविवार सुट्टीच्या न्यायाधीशांपुढे जाऊ, आणि त्यांच्यापुढे आपली फाइल नसेल, या भीतीने मी ते दोन दिवस मेहुण्याकडे काढले. शौर्य म्हणून सांगत नाही.

सकाळी साडेदहाला वकिलांबरोबर पोचलो. खटल्याची तारीख दीड महिना पुढे होती, म्हणून आधी 'प्रकरण आज बोर्डावर (म्हणजे आजच्या यादीत) घ्यावे' असा अर्ज, त्याबरोबर वॉरंट रद्द करण्याचा अर्ज आणि वकीलपत्र. अर्जात कारण एकच होतं: घर बदललं, समन्स जुन्या पत्त्यावर गेलं. सोबत भाडेकरार आणि नव्या पत्त्याचं वीजबिल. इथे खोटं आजारपण लावू नका. वैद्यकीय दाखले बघून बघून न्यायाधीशांचे डोळे सराईत झालेले असतात. समोरच्या वकिलांनी 'से', म्हणजे आपलं म्हणणं, दिलं, "आरोपी मुद्दाम टाळतोय". न्यायाधीशांनी मला पिंजऱ्यात बोलावलं आणि विचारलं, "आता कुठे राहता?" मी सांगितलं. "पुढच्या तारखेला येणार?" येणार म्हणालो. पाचशे रुपये खर्च भरण्याच्या अटीवर वॉरंट रद्द, जातमुचलका (हजर राहीन अशी स्वतःची लेखी हमी) आणि एक जामीनदार. सगळं मिळून चार मिनिटं. बाकीचा दिवस जामीनदाराचे कागद करण्यात गेला.

म्हणून जामीनदार आधीच ठरवून न्या. आधार, दोन फोटो, आणि सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक यांपैकी जे असेल ते. कुणी तयार नसेल तर रोख जामिनाची विनंती करता येते, मंजूर करणं न्यायाधीशांच्या हातात. वकिलाला एकट्याला पाठवून एनबीडब्ल्यू रद्द होईल अशी आशा ठेवू नका, तुम्ही समोर दिसावं अशीच बहुतेक कोर्टांची अपेक्षा असते. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं, किंवा १५१०० वर फोन करा. तुम्ही याच खटल्यात आधी जामीन घेऊन मग तारखा चुकवल्या असतील, तर मात्र गोष्ट अवघड होते. ते वकिलापासून लपवू नका.

रद्द झालं म्हणून लगेच घरी जाऊ नका. ही चूक मी केली. वॉरंट परत मागवण्याचं पत्र कोर्टातून ठाण्याला जावं लागतं. माझं निघालंच नव्हतं, आणि दहाव्या दिवशी सकाळी सातला दारात पोलीस. नशिबाने वकिलांनी आदेशाची नक्कल काढून ठेवायला लावली होती. ती बघून तो गृहस्थ चहा घेऊन गेला. तुम्ही त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका, पत्र हातबटवड्याने, म्हणजे तुमच्याच हाती, मिळतंय का विचारा, आणि स्वतः ठाण्यात देऊन पोच घ्या.

मग पतसंस्था. पैसे भरले म्हणजे खटला संपला असं होत नाही. मलाही काउंटरवरच्या माणसाने "काढून घेतो केस" म्हटलं होतं. कुणी काही काढलं नाही. १३८ तडजोडीने मिटतो, पण तक्रारदाराने कोर्टात तसा अर्ज द्यावा लागतो. हप्त्यांच्या पावत्या, खातेउतारा आणि येणे नसल्याचा दाखला घेऊन त्यांच्या वकिलाला भेटा. लोक अदालतीत ठेवायला ते सहसा तयार होतात. आदेशाची नक्कल हातात येईपर्यंत एकही तारीख चुकवू नका. अगदीच अडलात तर त्या दिवशी वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज गेलाच पाहिजे.

आणि आईंना एक विचारा: मध्यंतरी पोस्टमनने काही पाकीट आणलं होतं का, आणि "तो इथे नसतो, नको" म्हणून परत पाठवलं का? चेकच्या खटल्यात 'घेण्यास नकार' असा शेरा आला तर कोर्ट समन्स बजावलं गेलं असं धरू शकतं. तसं झालं असेल तर अर्जात समन्स मिळालंच नाही असं ठोकून देऊ नका, जे घडलं तेच लिहा. पुढचं पाकीट आलं की आईंनी ते घ्यायचं आणि तुम्हाला फोन करायचा.