गाजर गवत की कॉसमॉस? आधी रोप ओळखा, मग पंप उचला

प्रश्न (पुरंदर) : टोमॅटोच्या बांधावर गाजरासारख्या पानांची रोपं दाट आली आहेत. काहींना पांढरी, काहींना नारिंगी फुलं आहेत. दुकानदार म्हणतो, सगळं गाजर गवतच, टू-फोर-डी हे तणनाशक दुप्पट मारा. मारू का?

उत्तर : अजिबात मारू नका. बांधावर दोन वेगळी झाडं आहेत.

खोडावर उभ्या रेघा आणि लव, पानं एकाआड एक, कोवळं रोप जमिनीला चिकटून पसरलेलं, फूल बारीक पांढरं, त्याच्या कडेला पाच इवल्या पाकळ्या : हे गाजर गवत. पानं समोरासमोर जोडीने, फूल मोठं नारिंगी-पिवळं, बी सुईसारखं लांब : हा कॉसमॉस. दोन्ही अमेरिका खंडातून आलेली, सूर्यफुलाच्या कुळातली. काही जण कॉसमॉसलाच सोनकी म्हणतात, ते चूक. सोनकी आपल्या सह्याद्रीची. तिचं पान गाजरासारखं चिरलेलं नसतं, नुसते कडेला दाते असतात. तिला हात लावू नका.

आता औषधाचं. टोमॅटोशेजारी टू-फोर-डी म्हणजे पीक हातचं गेलं. वाऱ्याने नुसते तुषार आले तरी शेंडा पिळवटतो, पानं अरुंद होतात आणि शेतकरी व्हायरस समजून आणखी फवारण्या करत बसतो. असे प्लॉट मी बरेच पाहिलेत. तणनाशकाचा पंप नीट न धुता पिकावर वापरला तरी तेच होतं. दुप्पट डोसचा उपयोग शून्य : फुलावर आलेलं गाजर गवत वरून करपतं, बुडातून फुटतं आणि बी पडायचं ते पडतंच. एका मोठ्या झाडाला १५ ते २५ हजार बी असतं. दुकानदार ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक देऊ लागला तर तेही घेऊ नका. केंद्राच्या २०२२ च्या अधिसूचनेनुसार ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच वापरायचं आहे. डोस लेबलवर असतो, दुकानदाराच्या तोंडी नाही.

करायचं ते असं. पाऊस पडून माती ओली असताना, फुलं येण्याआधी, मुळासकट उपटा. नुसतं कापलं तर पुन्हा फुटतं. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. अंगाला खाज सुटते, दमेकऱ्याला तर या कामाला लावूच नका. फुलाआधीचं गवत शेण-मातीचे थर देऊन खड्ड्यात कुजवा, खत चांगलं होतं. फुलावर आलेलं खड्ड्यात टाकू नका, वाळवून जाळा. रिकाम्या झालेल्या बांधावर पावसाळ्याआधी तरोट्याचं (टाकळ्याचं) बी फेका. तरोटा दाट आला की गाजर गवताला डोकं वर काढता येत नाही. माझा सगळ्यात जास्त भरवसा यावरच आहे. पावसाळ्यात गवताची पानं खाणारे मळकट पांढरे, काळ्या रेघांचे मेक्सिकन भुंगे दिसले तर तिथे काहीच फवारू नका.



कॉसमॉस बी धरण्याआधी उपटला की पुरे. त्यासाठी तर औषध लागतच नाही, कोणी काहीही सांगो.