मोठे टायर, फेटाळलेला क्लेम आणि पासिंग नसलेला ट्रेलर

प्रश्न : मालवण परिसरात माझा जलक्रीडेचा व्यवसाय आहे. मालवाहू म्हणून पासिंग झालेल्या माझ्या पिकअपने मी होडीचा ट्रेलर ओढतो. वाळूत चाके रुततात आणि मोठा टायर जास्त वजन पेलतो असे दुकानदाराने सांगितले, म्हणून कंपनीच्या २१५/७५ आर १५ ऐवजी २३५/७५ आर १५ टायर बसवून घेतले. मे महिन्यात कोल्हापूरहून परतताना फोंडा घाटात पुढच्या बसने एकाएकी ब्रेक मारला. तिला चुकवताना गाडी कठड्यावर आदळली. कोणाला इजा झाली नाही आणि ट्रेलरही त्या दिवशी जोडलेला नव्हता. विमा कंपनीने ‘वाहनात अनधिकृत फेरबदल’ हे कारण देऊन क्लेम फेटाळला आहे. आरटीओनेही फिटनेसच्या तपासणीत मूळ मापाचे टायर बसवून आणण्यास सांगितले आहे. ट्रेलर गावच्या वर्कशॉपमध्ये बनवलेला असून त्याचे पासिंग नाही. मोठे टायर आरसीवर चढवून घेता येतील का? क्लेम मिळेल का?

उत्तर : आपल्या पत्रात दोन वाद एकमेकांत मिसळले आहेत आणि विमा कंपनीला नेमके तेच सोयीचे आहे. टायर नियमबाह्य आहेत का, हा एक प्रश्न. ते नियमबाह्य असले तरी त्यामुळे क्लेम बुडतो का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा आपल्या विरोधात जाईल, दुसऱ्यात मात्र आपली बाजू पत्रावरून वाटते त्यापेक्षा बरीच भक्कम आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५८ नुसार मालवाहू वाहनाची नोंदणी करताना प्रत्येक चाकाच्या टायरची संख्या, प्रकार व आकार यांची नोंद प्रमाणपत्रात करावी लागते. निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करण्यास कलम ५२ मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळच्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे लावले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ (४) नुसार अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे नुसता अर्ज करून हे टायर आरसीवर चढतील, अशी आशा मी आपल्याला दाखवणार नाही. एक वाट मात्र तपासून पाहावी. आपल्या मॉडेलच्या मंजुरीत निर्मात्याने हा आकारही पर्याय म्हणून नमूद केला असेल, तर आपली बाजू पूर्णपणे बदलते. त्यासाठी वाहनाचे माहितीपुस्तक पाहा आणि निर्मात्याकडून तसे लेखी पत्र मागवा. शोरूममधल्या तोंडी आश्वासनाला येथे काहीही किंमत नाही.

दुकानदाराचे म्हणणे टायरपुरते खरे असेलही. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, भारांक (टायर किती वजन पेलतो हे सांगणारा सांकेतिक आकडा) १०० असेल तर तो टायर ८०० किलो आणि १०५ असेल तर ९२५ किलो पेलतो. पण त्यामुळे गाडीचे नोंदणीकृत एकूण वजन किंवा अ‍ॅक्सलचे वजन एका किलोनेही वाढत नाही, कारण स्प्रिंग, अ‍ॅक्सल, ब्रेक आणि चॅसिस जुनेच राहतात. ट्रेलर ओढणाऱ्याला तर तोटाच अधिक होतो. आपण सांगितलेल्या मापांत टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटरवरून ७३३ मिलिमीटरवर, म्हणजे चार टक्क्यांहून थोडा अधिक वाढतो. स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ६२ च्या पुढे धावते, चढावर ओढ तेवढ्याच प्रमाणात कमी होते आणि ब्रेकच्या त्याच दाबाला रस्त्यावर मिळणारा रोधही घटतो. विमा कंपनीचा वकील हा शेवटचा मुद्दा उचलणार, हे गृहीत धरून चालावे.

आता क्लेमविषयी. नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत कंपनीकडे लेखी मागा आणि ‘टायरच्या आकारामुळे अपघात घडला किंवा नुकसान वाढले’ अशा अर्थाचे एखादे सकारण वाक्य त्यात आहे का, ते शोधा. तसे वाक्य नसेल, तर अटीचा भंग आणि अपघात यांचा संबंध कंपनीने दाखवलेलाच नाही, असा युक्तिवाद आपल्याला करता येतो. तो पुरता मान्य झाला नाही, तरी अमलेंदू साहू विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ज्या मार्गदर्शक सूत्रांचा आधार घेतला, त्यांनुसार पॉलिसीच्या अटीचा भंग झालेला असतानाही दाव्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. अशा तडजोडीला विमा क्षेत्रात ‘नॉन-स्टँडर्ड’ म्हणतात. त्या प्रकरणातील भंग टायरचा नव्हता, वाहनाच्या वापराचा होता. तरीही संपूर्ण नकाराविरुद्ध ते आपले सर्वांत उपयोगी हत्यार आहे. पॉलिसीचे नूतनीकरण करताना कंपनीच्या माणसाने याच टायरांसह गाडीचे फोटो काढले असतील, तर तेही अवश्य मिळवा, कारण माहीत असलेल्या गोष्टीवर हप्ता घेऊन नंतर तिच्यावरच बोट ठेवणे कंपनीला जड जाते.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. त्यासाठी नकारापासून एक वर्षाची मुदत आहे. लोकपालाचा निर्णय आपल्यावर बंधनकारक नसतो, त्यामुळे पुढे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा राहतो. तेथे मुदत दोन वर्षांची आहे, पण आयोगात आधी गेलात तर लोकपालाचे दार बंद होते. आयोगात ‘वाहन व्यापारी हेतूने वापरले जाते, म्हणून तक्रारदार ग्राहकच नाही’ असा आक्षेप येईल. आपण स्वतः राबून उदरनिर्वाहासाठी हा व्यवसाय करता, हे तक्रारीतच स्पष्टपणे लिहावे.

फिटनेससाठी मूळ मापाचे टायर आता बसवावेच लागतील, कारण वैध योग्यता प्रमाणपत्राशिवाय मालवाहू वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. मात्र काढलेले टायर विकू नका. साइडवॉलवरचा आकार, भारांक व उत्पादनाचा आठवडा दिसेल असे फोटो काढून टायरही जपून ठेवा. नाहीतर पुरावा नष्ट केल्याचा आरोप येईल.

खरी काळजी मला ट्रेलरची वाटते. कलम २ (२८) नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे आणि त्याची स्वतंत्र नोंदणी आवश्यक आहे. मंजूर नमुन्याबाहेर बनवलेल्या ट्रेलरचे पासिंग होणे अवघड असते, म्हणून मान्यताप्राप्त उत्पादकाकडून नवा घेणे अंती स्वस्त पडेल. तो घेताना आपल्या पिकअपला निर्मात्याने ट्रेलर ओढण्याची परवानगी दिली आहे का आणि किती वजनापर्यंत, हे आधी लेखी मिळवा. विम्यात ट्रेलरची नोंद करून जादा हप्ता भरावा लागेल. उद्या घाटात ट्रेलर निसटून कोणी जखमी झाले, तर नोंद नसलेल्या ट्रेलरची भरपाई कंपनी आपल्याच अंगावर टाकू पाहील. तोवर होडी हलवायची असेल, तर पासिंग झालेल्या भाड्याच्या वाहनातून हलवावी.