वाचकांचे प्रश्न : तीच मात्रा, वाढता परिणाम

प्रश्न : एकच औषध रोज घेतले की ते अंगवळणी पडते आणि गुण येईनासा होतो, हे घरी झोपेच्या गोळ्यांबाबत पाहिले आहे. उत्तेजक द्रव्ये वारंवार दिलेले प्रयोगशाळेतील उंदीर मात्र उलट अधिकच धावपळ करतात, असे वाचले. हे कसे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपला अनुभव खरा आहे आणि आपण वाचले तेही खरे आहे. कोकेन सूक्ष्म पंपातून अखंड मिळत राहिले, तर उंदराचे शरीर त्याला सरावते. तेच मध्ये खंड ठेवून टोचत राहिले, तर प्रतिसाद दर खेपेस वाढत जातो.

अ‍ॅम्फेटामाइन या उत्तेजक द्रव्याची मध्यम मात्रा प्रथमच दिलेला उंदीर पिंजऱ्यात इकडून तिकडे पळत सुटतो, आणि पिंजऱ्यातून आरपार सोडलेले प्रकाशकिरण त्याच्या अंगाने किती वेळा अडतात, यावरून ही धावपळ मोजतात. तीच मात्रा काही दिवस दिल्यावर आकडा चढतो. पुढे तर तो पळायचे सोडून एका कोपऱ्यात मान खालीवर करीत जमीन हुंगत राहतो, जे एरवी मोठ्या मात्रेनंतरच दिसते. सर्वांत चिंतेची बाब अशी, की द्रव्य बंद करून महिने लोटले, तरी पुन्हा टोचताच हा वाढीव प्रतिसाद जसाच्या तसा उमटतो. जागेचाही प्रभाव असतो : राहत्या पिंजऱ्यापेक्षा अनोळखी पिंजऱ्यात नेऊन दिलेल्या द्रव्याने ही वाढ अधिक होते.

यामागे मुख्यतः मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाची यंत्रणा आहे. मिशिगन विद्यापीठातील रॉबिन्सन आणि बेरिज यांनी 1993 मध्ये मांडले, की या यंत्रणेत ‘हवेसे वाटणे’ तीव्र होत जाते, ‘आवडणे’ नव्हे. म्हणूनच सुख उरले नसतानाही ओढ सुटत नाही. मला हा भेद फार मोलाचा वाटतो, कारण व्यसनी माणसाला आपण सुखलोलुप ठरवून मोकळे होतो.

तथापि नुसती धावपळ म्हणजे व्यसन नव्हे. व्यसन तपासण्यासाठी उंदराला स्वतः कळ दाबून कोकेन घेऊ देतात. अहमद आणि कूब यांच्या 1998 मधील प्रयोगात रोज 1 तास मुभा असलेल्या उंदरांचे सेवन स्थिर राहिले, तर 6 तास मुभा असलेल्यांचे दिवसागणिक वाढत गेले.