दोन दिवसांत पेपर स्वीकारला, पैसे भरू का?

ताई, पैसे भरू नका. आणि त्याआधी, कॉपीराइट फॉर्मवर सही करू नका. द्राक्षावरच्या भुरी रोगाचा संशोधन पेपर शुक्रवारी एका जर्नलला पाठवला आणि रविवारी स्वीकारल्याची मेल आली, सोबत ३५०० रुपयांची मागणी, असं तुम्ही लिहिलंय. पेपर खरंच कोणी वाचला असता तर दोन-चार शंका तरी निघाल्याच असत्या.

३५०० रुपयांचं नुकसान एक वेळ भरून निघेल, पण दिंडोरीच्या बागांतले दोन हंगाम परत येणार नाहीत. एकदा छापलेला डेटा दुसरं चांगलं जर्नल घेत नाही, आणि पेपर मागे घ्यायचा म्हटलं तर हे लोक त्याचेही पैसे मागतात. माझा असाच एक पेपर गेला. वर्षभर पहाटे रामकुंडापासून खाली गोदावरीच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या होत्या. बढतीसाठी पेपर हवा होता, म्हणून घाईने एका जर्नलला दिला. तक्त्यात एके ठिकाणी मिलिग्रॅमऐवजी ग्रॅम पडलं होतं, तेही तसंच छापलं. दुरुस्तीच्या मेलना उत्तर नाही, पुढे वेबसाइटच बंद पडली. त्या कामाचं मला अजून वाईट वाटतं. तुमच्या पेपरात तर फवारणीचं प्रमाण आहे. तिथे असा आकडा चुकला आणि कोणी त्यावर विसंबून बागेत औषध मारलं तर?

आयएसएसएन आहे म्हणता, पण तो नुसता ओळख क्रमांक, दर्जाशी त्याचा संबंध नाही. 'यूजीसी मान्य', म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेलं, या शिक्क्याचंही तेच. यूजीसीने मे २०१८ मध्ये आपल्याच यादीतून ४३०५ जर्नल काढली आणि नंतर आणलेली मान्य जर्नलांची 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद केली. बाहेरही हेच चालतं: २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका घातलेला खोटा पेपर ३०४ जर्नलांना पाठवला, १५७ जणांनी तो स्वीकारला.

संपादक मंडळातल्या कुणा प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल करून विचारा, त्यांना आपलं नाव तिथे आहे हे तरी माहीत आहे का. जर्नल डीओएजेमध्ये, म्हणजे तपासून घेतलेल्या मोफत वाचता येणाऱ्या जर्नलांच्या यादीत, आहे का तेही पाहा. मोठ्या नावाची हुबेहूब नकली वेबसाइटही असते, तेव्हा मेलमधल्या लिंकवरून जाऊ नका.

पण हे सगळं नंतर. आज रात्रीच 'मी पेपर मागे घेत आहे, छापण्यास माझी परवानगी नाही' एवढी मेल करा, गाइडना प्रत ठेवा, आणि उत्तर काहीही आलं तरी पैसे पाठवू नका.