रविवारची मेस आणि भिगवणचे हंस

"मॅडम, टेन्शन जाईल कसं?" माझ्याकडे समुपदेशनाला येणारी स्पर्धा परीक्षेची मुलं खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतात. मी उलट विचारते, "काल दिवसभरात काय खाल्लंस?" यावर माझे सहकारी हसतात. हसोत. मनाची गाठ मी पोटाकडून सोडवायला घेते आणि इतक्या वर्षांत त्याचा पस्तावा झालेला नाही.

एक मुलगा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचा. छातीत धडधड, रात्री झोप नाही, वाचलेलं लक्षात राहत नाही.

"काल काय खाल्लंस?"

"काल रविवार. संध्याकाळी मेस बंद. चहा-क्रीमरोल."

"आणि सकाळी?"

"उठलोच अकराला. चहा."

दोन बैठका अशाच गेल्या. तिसऱ्या वेळी सहज त्याच्या गावाचा विषय काढला. गाव भिगवणकडचं, उजनीच्या पाण्याकाठी. गडी एकदम खुलला. "पट्टकदंब हंस थंडीभर आमच्याकडं असतात. निघायच्या आधी तर चरताना मान वर करत नाहीत. हिमालय ओलांडायचा म्हणजे..." मध्येच थांबला. मग हसून म्हणाला, "आणि मी क्रीमरोलवर प्रिलिम द्यायला निघालोय."

हे वाक्य त्याचं त्याला सुचलं. मी सांगितलं असतं तर त्याने नुसती मान हलवली असती.

मग मी त्याला जमैकातल्या रेडस्टार्टची गोष्ट सांगितली. जेमतेम आठ ग्रॅमचा, किडे खाणारा हा पक्षी उत्तर अमेरिकेतून तिथे हिवाळा काढायला येतो. दांडगे नर ओलसर खारफुटी बळकावतात आणि बहुतेक माद्यांच्या वाट्याला कोरडं, खाणं कमी असलेलं झुडपी रान येतं. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की हिवाळ्याच्या सुरुवातीला दोन्हीकडच्या पक्ष्यांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे ताणाचं हार्मोन, सारखंच होतं. वसंतापर्यंत झुडपातल्यांचं वजन घटलं आणि हार्मोन चढून बसलं. वर खरं संकट आलं तेव्हा ते आणखी उसळायला हवं, तर तेही धड उसळेना.

एरवी हे हार्मोन शत्रू नव्हे. प्रवासाच्या दिवसांत पक्ष्यांत ते थोडं वाढलेलंच असतं आणि त्याच दिवसांत भूकही वाढते. आपल्याकडे त्याचा सख्खा भाऊ, कॉर्टिसोल. पाखरू आणि माणूस एक नव्हेत, हे मलाही कळतं. पण "टेन्शन का येतं" यावर महिनाभर डोकं फोडण्याआधी शरीराला दाणापाणी मिळतंय का, एवढं तरी बघा.

उठल्यावर तासाभरात काहीतरी चावून खा. पोहे, उपमा, शिळी भाकरी-दूध, काहीही. चहा म्हणजे नाश्ता नव्हे. खोलीत फुटाणे, शेंगदाणे, गूळ, केळी असू द्या. रात्री अभ्यासासाठी चहा ढोसणं थांबवा. आणि आठवडेच्या आठवडे अन्न जात नसेल, झोप उडाली असेल, तर डॉक्टर गाठा. तिथे फुटाण्यांचा उपयोग नाही.

त्याने रविवारसाठी छोटा कुकर घेतला. पहिली खिचडी करपली म्हणे. दुसरी रूम पार्टनरनेच संपवली.