‘उजवा’ आणि ‘राइट’: चुलतभावांची गोष्ट

प्रश्न आला आहे: अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाला ‘उजवा’ आणि डेमोक्रॅटिक पक्षाला ‘डावा’ म्हणतात, ते मराठीत बरोबर आहे का?

‘उजवा’ चालेल. ‘डावा’ मला मुळीच मान्य नाही, आणि बातम्यांत तो रोज ऐकून कान किटले आहेत. मराठीत ‘डावे’ म्हटलं की लाल बावटा आठवतो. डेमोक्रॅटिक पक्षाला खासगी भांडवल आणि बाजारपेठ मोडायची नाही. १९९३ साली नाफ्टा हा कॅनडा-मेक्सिकोबरोबरचा मुक्त व्यापाराचा करार डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी रेटला, तेव्हा प्रतिनिधिगृहात त्याच्या बाजूनं त्यांच्या स्वतःच्या पक्षापेक्षा रिपब्लिकनांची मतं जास्त पडली. वाद आहे तो सरकारनं कशात किती हात घालावा याचा: श्रीमंतांवरचा कर, आरोग्यविमा, बंदुका, गर्भपात. २०१० च्या आरोग्य कायद्याला एकाही रिपब्लिकनानं मत दिलं नाही. तेव्हा ‘डावीकडे झुकलेला’ म्हणा. ‘वामपंथी’ तर हिंदीतून आणूच नका.

ही विभागणी १७८९ च्या फ्रान्समधली. राजाचे पाठीराखे सभाध्यक्षांच्या उजव्या हाताला बसत, त्याचे अधिकार छाटू पाहणारे डाव्या हाताला. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात मात्र सभापतींच्या उजव्या हाताला बसतात डेमोक्रॅट, डाव्या हाताला रिपब्लिकन!

आता शब्दांकडे. संस्कृत ‘ऋजु’, प्राकृत ‘उज्जु’, जुन्या मराठीत ‘उजू’, म्हणजे सरळ. त्यातूनच ‘उजवा’: सरळ चालणारा हात. आणि इंग्रजी ‘राइट’चं मूळही ‘सरळ’ याच अर्थाच्या त्याच प्राचीन धातूत आहे. म्हणजे ‘उजवा’ हे ‘राइट’चं नुसतं भाषांतर नव्हे, हजारो वर्षांपूर्वी दुरावलेले हे दोघे चुलतभाऊ आहेत. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. ‘डावा’चं कूळ वेगळं. प्राकृतात ‘डव्व’ म्हणजे डावा हात. जैन पंडित हेमचंद्रानं बाराव्या शतकात तो ‘देशीनाममाला’ या कोशात, म्हणजे संस्कृतातून न निघणाऱ्या शब्दांत नोंदवला. ‘डावलणे’ही त्याच घरातलं, असं माझं ठाम मत आहे. ज्याला डावलायचं त्याला डाव्या बाजूला टाकून आपण पुढे जातो.

‘लेक उजवणे’, ‘व्रत उजवणे’ यांतही ‘उजवा’च आहे, असं सांगणारे विद्वान भेटतात. साफ चूक. ते ‘उद्यापन’ आहे. ‘द्य’चा ‘ज्ज’ होणं हा प्राकृताचा साधा नियम, ‘अद्य’चं ‘आज’ झालं तसाच. हा नियम न पाहता व्युत्पत्ती सांगू नये.

पक्षांच्या नावांचं ‘प्रजासत्ताकवादी’, ‘लोकशाहीवादी’ असं भाषांतरही नको. अमेरिकेत दोघांनाही प्रजासत्ताक हवं आहे आणि लोकशाहीही. १९५७ साली आपल्याकडे रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, तेव्हा बाबासाहेबांच्या अनुयायांनी ‘रिपब्लिकन’ हाच शब्द ठेवला, आणि तो खेडोपाडी कळला. त्या पक्षाला उजवा कुणी म्हणत नाही.