तुम्ही विचारा: तमालचं झणझणीत सूप आणि मक्याला लागणारा चुना

मागच्या अंकात थंडीतल्या सूपांबद्दल लिहिताना शेवटी जाता जाता मेक्सिकन पद्धतीच्या तमाल सूपचा उल्लेख केला होता. मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाल आणि वर लाल मिरचीचा रस्सा, एवढंच लिहिलं होतं, आणि त्या दोन ओळींवर जेवढी पत्रं आली तेवढी बाकी अख्ख्या लेखावर आली नाहीत. म्हणून या वेळचं पान सगळं त्यालाच.

प्रश्न: ताई, तमाल सूप म्हणजे तमालपत्र घालून केलेलं सूप का? आणि त्यात "मासा" लागतो असं वाचलंय, आमच्या घरी तर मासे चालत नाहीत. (वाचक, सांगली)

नाही हो, दोन्ही शब्द वेगळे आहेत, आपल्या शब्दांसारखे ऐकू येतात इतकंच. तमालपत्रातला तमाल संस्कृतातला. हा तमाल मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतल्या "तमाल्ली" वरून आलाय, आपला टोमॅटोही त्याच भाषेतून फिरत फिरत आपल्याकडे आला. स्पॅनिशमध्ये एक असेल तर तमाल आणि अनेक असतील तर तमालेस. आणि मासा म्हणजे स्पॅनिशमध्ये मळलेलं पीठ, त्यामुळे निर्धास्त रहा.

तमाल म्हणजे काय तर मक्याचं पीठ फॅट घालून फेटायचं, मक्याच्या कणसाच्या पातीवर किंवा केळीच्या पानावर थापायचं, आत सारण, गुंडाळायचं आणि वाफवायचं. ज्यांच्या घरी नागपंचमीला हळदीच्या पानात पातोळ्या होतात त्यांना हे समजवायची गरजच नाही. स्पॅनिश लोक यायच्या कितीतरी आधीपासून तिथे तमाल होते, फक्त तेव्हा त्यात चरबी नव्हती, कारण डुकरं स्पॅनिश लोकांनी आणली.

आता सूपबद्दल खरं सांगते. तमालचे तुकडे तिखट रश्शात सोडायचे हा प्रकार मुख्यतः अमेरिकेतल्या टेक्सासकडच्या घरांतला, ख्रिसमसला ढिगाने तमाल होतात आणि मग उरलेल्यांचं काय करायचं त्यातून आलेला. मेक्सिकोत शिळा तमाल तव्यावर खरपूस भाजून खातात, मेक्सिको सिटीत तर चक्क पावात घालून खातात, त्याला ग्वाहोलोता म्हणतात. पण मक्याचं पीठ रश्शात सोडणं तिथेही जुनंच आहे. ओहाकामध्ये छोटे गोळे करून मधे अंगठ्याने खळगा पाडतात आणि उकळत्या रश्शात सोडतात, त्यांना चोचोयोतेस म्हणतात. ज्यांना तमाल वळायचा कंटाळा आहे त्यांनी सरळ हे करावं, आपल्या वरणफळांइतकंच सोपं आहे.

प्रश्न: मी मक्याचं पीठ आणून तमाल करायला गेले तर नुसता भुगा झाला. दुसऱ्यांदा कॉर्नफ्लोअर वापरलं तर खळ झाली. काय चुकतंय? (वाचक, डोंबिवली)

तुमचं काही चुकलं नाही, पीठ चुकलं. आणि याच प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात जास्त सविस्तर द्यायचंय, कारण तिखट करणं आपल्याला कुणी शिकवायला नको, पण मक्याचं काय करायचं हे आपल्याला खरंच माहीत नाही.

आपल्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणून मिळतं ते पीठ नाहीच, ती मक्याची नुसती पांढरी स्टार्च, मंच्युरियनला लावायची, ती बाजूलाच ठेवा. पिवळं मक्याचं पीठ म्हणजे कोरडा मका दळलेला, त्याची भाकरी किंवा रोटी गरम पाण्यात मळून, थापून कशीबशी होते पण त्याला चिकटपणा नाही. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर त्याच पाण्यात ठेवतात, सकाळी धुतात आणि ओलाच वाटतात. याला निश्तामाल म्हणतात. चुन्यामुळे दाण्याचं जाड साल सुटतं, दाणा पाणी पितो आणि वाटल्यावर पीठ एकमेकाला धरतं. हेच वाळवून दळलं की पाकिटात मिळणारं मासा हारिना. ऑनलाइन मिळतं, महाग आहे, पण पहिल्यांदा करताना तेच घ्या म्हणजे हाताला कळेल की पीठ कसं लागायला हवं.

घरी करायचं असेल तर भुसार दुकानातून अर्धा किलो कोरडे मक्याचे दाणे आणा, पॉपकॉर्नचे नाहीत आणि स्वीट कॉर्न तर अजिबात नाही. पानाच्या दुकानातला साधा, बिनवासाचा खायचा चुना 2 सपाट चमचे, दीड लिटर पाण्यात कालवा. भिंतीचा चुना किंवा कळीचा चुना चुकूनही नको. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमला चुना खातो. मका घालून मंद आचेवर साधारण 45 मिनिटं, मग गॅस बंद, झाकण, आणि रात्रभर तसंच.

पाणी पाचच मिनिटांत पिवळंधमक होतं, घाबरू नका. सकाळी एक दाणा अंगठा आणि बोटात धरून चोळा, साल ओल्या टिश्यूसारखं सरकून हातात यायला हवं. दातानं तोडून बघा, कडेला मऊ आणि मधे किंचित खडूसारखा पांढरा ठिपका, की झालं. मग तीनचार पाण्यातून चोळून धुवायचं आणि वाटायचं. पाट्यावर वाटलंत तर उत्तम, मेक्सिकोतला मेताते म्हणजे पाटा-वरवंटाच, फक्त तीन पायांवर उभा. मिक्सरमध्ये थोडं थोडं घालून, पाणी अगदी चमच्याने. त्याचा जो वास येतो ना, चुन्याचा आणि भाजलेल्या कणसाचा मिळून, तो एकदा नाकात बसला की साध्या मक्याच्या पिठात तो का नाही हे आपोआप कळतं.

प्रश्न: चुना पोटात जाणं बरं आहे का? सासूबाई नको म्हणतात. (वाचक, नाशिक)

सासूबाईंना सांगा की शेवटी बहुतेक सगळा चुना धुवून टाकतोय, जो थोडा राहतो ते कॅल्शियम. उलट चुन्याशिवाय मका हेच रोजचं मुख्य अन्न असेल तर धोका आहे. मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व बांधलेलं असतं, चुना ते मोकळं करतो. युरोपात मका गेला पण ही रीत बरोबर गेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरीब लोकांना पेलाग्रा व्हायला लागला, कातडी काळी पडून सोलवटायची, जुलाब, पुढे मनावर परिणाम. स्पेनमध्ये गास्पार कासाल या डॉक्टरांनी 1735 मध्ये हा आजार ओळखला, आणि त्यावर नायसिन हा उपाय आहे हे कळायला 1937 उजाडलं. मेक्सिकोतल्या बायका हजारो वर्षं मक्यात चुना घालत होत्या आणि त्यांच्याकडे हा आजार असा पसरला नाही. आपल्याकडे दख्खनमध्ये फक्त ज्वारीवर राहणाऱ्या गरीब लोकांतही पेलाग्रा दिसायचा, हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी त्यावर मोठं काम केलंय. महिन्यातून एकदा सूप करणाऱ्याला यातलं काही होणार नाही, पण ही रीत उगाच नाहीये एवढं सासूबाईंना नक्की सांगा.

प्रश्न: आंचो, ग्वाहियो वगैरे मिरच्या इथे कुठून आणू? आणि रस्सा नेमका कसा करायचा? (वाचक, कोल्हापूर)

तुम्ही कोल्हापूरचे, तुमच्या हाताशी संकेश्वरी आहे, मग अडलंय कुठे! ग्वाहियोच्या जागी ब्याडगी घ्या, रंग भरपूर आणि तिखट बेताचं, झणझणीतपणासाठी वर संकेश्वरी. आंचोचा मनुकांसारखा गोडसर वास मात्र यात येत नाही, मी कधी कधी 4 मनुका वाटताना टाकते.

चौघांसाठी 7-8 ब्याडगी, 2 संकेश्वरी. देठ आणि बिया काढा, आतली पांढरी शीरही काढा कारण खरा तिखटपणा बियांत नसतो, त्या शिरेत असतो. तव्यावर मंद आचेवर प्रत्येक बाजू फार तर अर्धा मिनिट, वास सुटला की लगेच काढा, काळी झाली की सगळा रस्सा कडू होतो आणि त्याला मग काहीही घातलं तरी उपाय नाही. गरम पाण्यात 20 मिनिटं भिजवा. त्याच तव्यावर 2 टोमॅटो, अर्धा कांदा आणि 4 लसूण पाकळ्या सालासकट डाग पडेपर्यंत भाजा, लसणाची सालं काढा, मग सगळं एकत्र गंधासारखं वाटून गाळणीतून गाळा. गाळायचा कंटाळा करू नका, मिरचीची सालं जिभेवर कागदासारखी येतात.

मग कढईत 2 चमचे तेल कडक तापवून त्यात हे वाटण ओता, फसफसेल, सारखं हलवत रहा आणि रंग लालचा विटकरी होऊन तेल सुटेपर्यंत परता, आपण तांबड्या रश्शाचं वाटण परततो तसंच अगदी. त्यात सव्वा लिटर चिकनचं पाणी, उकडून तोडलेलं चिकन, वाटीभर शिजलेला राजमा, मूठभर मक्याचे दाणे, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, तळहातावर चोळलेला ओरेगानो, मीठ आणि हो, एक तमालपत्र, म्हणजे सांगलीकरांचंही समाधान! मंद आचेवर 20-25 मिनिटं. गरम मसाला, हळद, खोबरं यातलं काही नको, कितीही हात शिवशिवला तरी. चिपोत्ले म्हणजे धुरावलेली हालापेन्यो मिरची, तिचा धुरकट वास हवा असेल तर शेवटी निखाऱ्याचा धुंगार द्या, फार छान लागतो.

प्रश्न: तमाल रश्शात टाकले आणि पाच मिनिटांत पिठलं झालं! (वाचक, पुणे)

गरम गरम तमाल टाकलेत ना? तिथेच होतं ते. ताजा तमाल मऊ असतो, त्याला फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा, पीठ घट्ट बसतं, मग पाती काढून अंगठ्याएवढ्या जाड चकत्या कापा. चकत्या तव्यावर थोड्या तेलात दोन्हीकडून सोनेरी करा, मग बोलमध्ये ठेवून वरून रस्सा ओता. पातेल्यात टाकून उकळायचंच नाही.

दुसरं म्हणजे फेटणं कमी पडलं असेल. आधी 100 ग्रॅम लोणी एकटंच पांढरं होईपर्यंत फेटा, नानकटाईला तूप फेटतो तसं. मग 2 कप मासा हारिना, 1 चमचा बेकिंग पावडर, मीठ आणि दीड कप कोमट स्टॉक थोडा थोडा. घरचं ओलं पीठ असेल तर किलोला पाव किलो लोणी आणि स्टॉक अगदी लागेल तेवढाच. झालं की ग्लासभर गार पाण्यात वाटाण्याएवढी गोळी टाका, तरंगली तर बास, बुडली तर अजून फेटा. ही परीक्षा मला ह्यूस्टनला शेजारी राहणाऱ्या ओहाकाच्या आजींनी शिकवली, त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला स्पॅनिश, पण गोळी बुडाली की त्या नुसती मान हलवायच्या आणि वाडगं परत माझ्या हातात द्यायच्या.

मोदकपात्रात तमाल उभे ठेवायचे, उघडं तोंड वर, आणि तासभर तरी वाफ. पाती पिठापासून स्वच्छ सुटून आली की झाले. आजी पातेल्याच्या तळाला पाण्यात एक नाणं टाकायच्या, ते खुळखुळत राहतं, खुळखुळ थांबली की पाणी संपलं समजायचं आणि कडेने उकळतं पाणी ओतायचं. मी अजून टाकते, आता रुपयाचं.

प्रश्न: श्रावणात करता येईल का? (वाचक, ठाणे)

करता येईल आणि मेक्सिकोतही बिनमांसाचे तमाल भरपूर आहेत. रहास म्हणजे भाजलेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या, त्या चीजबरोबर सारणात घालतात. आपण भावनगरी मिरची गॅसवर भाजून, साल काढून, पनीर किंवा चीजबरोबर घालू शकतो. स्टॉकसाठी मक्याचे दाणे काढून उरलेली बुरकुंडं, गाजर, कोथिंबिरीचे देठ आणि भाजलेला कांदा 40 मिनिटं उकळा, बुरकुंडांचा गोडवा रश्शाला फार चांगला उतरतो. कांदा-लसूण चालत नसेल तर टोमॅटो एक जास्त भाजा, चव वेगळी होईल पण वाईट नाही. पाती पावसाळ्यात कणीसवाल्याकडे फुकट मिळतील, मेक्सिकोतल्या मिचोआकानमध्ये ताज्या मक्याचे तमाल, त्यांना उचेपोस म्हणतात, हिरव्या पातीतच करतात.

प्रश्न: रस्सा फार तिखट झाला, पाणी घातलं तर पांचट झाला. (वाचक, सोलापूर)

पाण्याने तिखट जात नाही, कारण ते पाण्यात विरघळत नाही. 2 चमचे मासा थोड्या गार स्टॉकमध्ये कालवून घाला आणि 5 मिनिटं उकळा, रस्सा दाटही होईल आणि सौम्यही. खाताना वर साय किंवा अव्होकाडोच्या फोडी. लिंबू, बारीक कांदा, कोथिंबीर आणि मुळ्याच्या पातळ चकत्या तर हव्यातच, मुळा वगळू नका, त्याचा कच्चा कुरकुरीतपणा या सूपाला लागतोच लागतो.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत असतो, इथे फ्रोझन तमाल मिळतात. ते चालतील? (वाचक)

चालतील ना, तुमचं तर निम्मं काम झालं. आधी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे नीट वाफवा, गार करा, मग वर सांगितलं तसं कापून भाजा. पाती काढायला विसरू नका, पहिल्यांदा खाणारे पातीसकट चावायला जातात. डाळीसारखा लागणारा टिनमधला राजमा नको, काळ्या बीन्स घ्या. आणि 2 फेब्रुवारीला तुमच्या जवळच्या मेक्सिकन बेकरीत किंवा दुकानात जाऊन बघा, त्या दिवशी कांदेलारियाचा सण असतो. 6 जानेवारीच्या गोल गोड पावात ज्याला छोटी बाहुली सापडते त्याने त्या दिवशी सगळ्यांना तमाल खाऊ घालायचे असतात, त्यामुळे ताजे मिळायची शक्यता बरीच. डझनभर जास्तच घ्या, सूपसाठी.